भावानं बोलू नये अशी गोष्ट

दुपारी वारा पडला की आमच्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या खडकातून समुद्र श्वास घ्यायचा. खडकाला खालून वर भोकं आहेत. लाट आत शिरली की पाणी वरून उसळतं आणि तुषार बराच वेळ हवेतच राहतात, जणू खाली यायचं विसरूनच जातात. सुलिएती व्हरांड्यात चटईवर पडून तो आवाज ऐकत होती. त्याच्यात गावभर चाललेला साल कुटायचा आवाज मिसळला होता. टोक, टोक, टोक. एका घरचा थांबला की पलीकडच्या घरचा सुरू व्हायचा. भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्यासाठी नगातू चाललं होतं, झाडाची साल कुटून, चिकटवून, रंगवून करतात ते कापड. लग्नाला ते अंगण झाकेल एवढं लागतं. सुलिएतीची मोगरी मात्र तिच्या उशाशी नुसती पडून होती. डोकं दुखतंय असं सांगून ती घरी आली होती. डोकं बिलकूल दुखत नव्हतं.

दुखत काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत. गर्भाशयाच्या तोंडाशी शेंगदाण्याएवढी गाठ होती. कर्करोग, पण अगदी सुरुवातीचा. चर्चच्या हॉलमध्ये बायकांची तपासणी होती आणि नंतर जेवण होतं, म्हणून ती गेली होती. खरं सांगायचं तर जेवणासाठीच गेली होती. मग इस्पितळातून बोलावणं आलं, पुन्हा तपासणी झाली, आणि तेव्हापासून सुलिएतीला सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसायला लागलं. माणसं बोलत, त्यांचे ओठ हलत, शब्द मागाहून तरंगत येत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मुलाची आस तिनं केव्हाच सोडली होती. पण जीव? जीव हवा होता की! बेचाळिशीची तर होती.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओवर या आजाराचा कार्यक्रम लागतो, तो ऐकला नव्हता का तिनं? कसा ऐकणार? त्यातल्या बाईनं 'गर्भा' एवढं म्हटलं की खोलीतला कुणी ना कुणी भाऊ झेप घेऊन रेडिओ बंद करायचा, आणि तोवर बहिणी स्वयंपाकघरात पसार. भावाबहिणीच्या कानांवर एकत्र असलं काही पडणं म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखंच. आणि आमच्याकडे चुलत, मावस, आते, मामे, सगळे भाऊच. म्हणजे गावातले निम्मे पुरुष त्यात आले. कार्यक्रमातल्या त्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही, तिलाही भाऊ असतीलच. ती बिचारी आधी एक लांबलचक गाणं लावायची, ज्यांना पळायचं त्यांनी पळावं म्हणून.

सुलिएतीचा सख्खा धाकटा भाऊ लिसिआते डॉक्टर होता. शहराच्या इस्पितळात भूल द्यायचा. लहानपणी तो तिच्या पाठीवर बसून समुद्रात जायचा, पण मिसरूड फुटायच्या आधीच त्याचं अंथरूण मुलांच्या खोपटात गेलं आणि तेव्हापासून दोघं फक्त जे बोलायचं तेच बोलत आले. रताळी कशी आलीत. पाऊस कधी येईल. आईच्या थडग्यावरची वाळू बदलायला हवी. भाऊ म्हणून तो जीव टाकत होता तिच्यावर, पण तिच्या कमरेखाली शरीर आहे हे त्यानं कधी मनातही आणलं नसेल.

शस्त्रक्रिया करायला ब्रिस्बेनहून पथक यायचं होतं. त्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, हॅनिगन त्यांचं नाव, आधी येऊन सुलिएतीला भेटून गेल्या. ती भेट मात्र सांगण्यासारखी झाली.

खोलीत सुलिएती, लिसिआते, त्याची बायको पिसिला, बाई, आणि दुभाष्या म्हणून फोलाऊ नावाचा परिचारक. बाईंनी तोंड उघडलं, पहिलाच शब्द रेडिओवरचा तो निघाला, आणि लिसिआते खुर्ची मागं सारून बाहेर गेला. त्याचं बरोबरच होतं, त्यानं जायलाच हवं होतं. पण फोलाऊची आई आणि सुलिएतीची आई चुलत बहिणी, म्हणजे फोलाऊही भाऊच! तो कुठं जाणार? त्याची नोकरीच ती. त्यानं भिंतीवरच्या पंख्याकडे नजर लावली आणि त्याचे कान लाल होत गेले.

बाई बराच वेळ बोलल्या. मनापासून बोलल्या, हातांनी हवेत चित्रं काढली, एकदा थांबून स्वतःचं कपाळही चोळलं. सुलिएतीचं इंग्रजी शाळेपुरतं. इतक्या वेगापुढं ते टिकेना.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"बाई म्हणतात," फोलाऊ पंख्याला म्हणाला, "लहानही होतं, मोठंही होतं. लहान म्हणजे चार भोकं, त्यातून नळीनं काम. मोठं म्हणजे चिरा. लहानाला माणूस लवकर उठतं."

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

"अरे, त्या केव्हाच्या बोलतायत."

"त्यांची बोलायची सवयच तशी आहे."

मग बाईंनी सावकाश, सोप्या इंग्रजीत सुलिएतीलाच विचारलं, तुमचे भाऊ डॉक्टर आहेत ना, त्यांनी तुम्हाला हे सगळं समजावलं असेल? एवढं तिला कळलं. आता 'नाही' म्हणावं, तर भावाला बहिणीची पर्वा नाही असा अर्थ झाला. तो असलं बोलू शकत नाही म्हणावं, तर परक्या बाईला ते कोण आणि कसं समजावणार? सुलिएती तोंडभर हसली आणि म्हणाली, "येस." पाहुण्याला आम्ही असंच हसून हो म्हणतो. बाईंनी मान डोलावली, त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी थोडी उतरली. सुलिएतीनं लहान सांगितलं.

लहानच सांगणार ती. भाची हेइलाला, म्हणजे लिसिआतेची मुलगी, तिचं लग्न पथक येऊन गेल्यावर लगेच होतं. नवरामुलगा फळं तोडायला ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या टोळीत होता, टोळी कुणासाठी थांबत नाही. आणि लग्नात आत्या सगळ्यांच्या वर बसते, मानाचा आहेर तीच घरी नेते. सगळ्यात बारीक विणीची चटई तिची, उत्तमातलं नगातू तिचं, डुकराचा मानाचा वाटा तिचा. सुलिएतीनं त्या पोरीचं नाव ठेवलं होतं, पहिल्यांदा केस कापले तेव्हा मांडीवर घेतलं होतं. स्वतःच्या पोटचं नसलं की माणूस दुसऱ्याच्या पोरावर किती माया लावतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी वर बसायचं, एवढंच तिनं आयुष्याकडे मागितलं होतं.

रविवारी मोगऱ्या बंद होत्या. चर्च झालं, जेवणं झाली, गाव गुंगलं होतं. सुलिएतीचा डोळा लागत होता आणि लागत नव्हता. मिटल्या डोळ्यांपुढे एक देवमाशाची मादी खाडीत शिरली होती, पिल्लाला पाठीशी धरून, आणि इतकी हळू चालली होती की पाणीही हलत नव्हतं. तेवढ्यात पायरी वाजली. पिसिला आली होती, हातात झाकलेलं भांडं.

"वन्सं, जेवलात?"

"जेवले. पण तू आणलंयस तर पुन्हा जेवेन. काय आहे?"

"लू. नारळाचं दूध जरा जास्त झालंय."

"तुझ्याकडून ते नेहमीच जास्त होतं."

पिसिला हसली नाही. एरवी तिनं उत्तर दिलं असतं. ती अळूच्या पानांत बांधून शिजवलेल्या मांसाची गुंडाळी उलगडत बसली, मग खाली मान घालून म्हणाली, "तुमचा भाऊ म्हणतो, मोठा चिरा घ्या."

"का?"

"ते मला नीट नाही सांगता येत. तो मला इंग्रजीत सांगायला लागतो, मग रडकुंडीला येतो, मग म्हणतो, तू फक्त 'मोठा' एवढंच सांग. कसला तरी अभ्यास झालाय. भोकांतून केलं की आजार परत येतो म्हणे."

"परत येतो? मग ती बाई भोकं पाडते कशाला?"

"ते मी विचारलं नाही."

"आणि मोठा चिरा घेतल्यावर मी खाली मांडी घालून कधी बसणार?"

"बरेच दिवस नाही."

"लग्नात?"

पिसिलानं लूकडे बघितलं. "लग्नात नाही."

"अस्सं!" सुलिएती उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला सगळं लख्ख दिसलं, आणि दिसलं ते नेमकं चुकीचं. "आत्ता कळलं. चटया वाचवायच्यात होय? तुझ्या माहेरच्यांनी वर्षभर विणलेल्या चटया नणंदेच्या घरी जाणार, ते बघवत नाही तुला. स्पष्ट बोल की, भावाचं नाव कशाला पुढं करतेस?"

पिसिलानं हातातलं पान खाली ठेवलं. "नाही बघवत," ती म्हणाली. "देवाशप्पथ नाही बघवत. आमच्या आईचे डोळे गेले त्या विणीत. पण म्हणून मी तुम्हाला पोट फाडून घ्यायला लावीन? एवढी नीच आहे का हो मी?" आणि भांडं तिथंच टाकून ती निघून गेली.

सुलिएतीनं लू खाल्लं. रागानं खाल्लं, सगळं खाल्लं. दूध खरंच जास्त झालं होतं.

पुढच्या आठवड्यात बायकांनी हॉलमध्ये लांब फळी मांडली आणि कापडाचे तुकडे एकमेकांना चिकटवायला बसल्या. दोन्हीकडे रांगा, मधे पिठाळ कंदाचा चिक, हात आपोआप चाललेले. अशा वेळी बायकांच्या जिभा सुटतात. म्हातारी पौलीना सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत चावट. तिनं नवऱ्यामुलाच्या पोटऱ्यांवर असं काही म्हटलं की हसून हसून एकीच्या हातातला चिक सांडला. सुलिएतीही हसली. हसताना वाटलं, आपण हे सगळं दुरून, कुठल्या तरी होडीतून ऐकतोय आणि होडी हळूहळू लांब चाललीय.

मग एकाएकी सगळ्या गप्प झाल्या. बाहेर फणसाच्या झाडाखाली लिसिआते उभा होता. इस्पितळाच्या कपड्यांत, डोक्याला टोपी नाही, घामानं निथळलेला. पुरुष इथं येत नाहीत. त्यातून चिकटवायच्या दिवशी तर नाहीच नाही.

सुलिएती उठून दारापर्यंत गेली. दोघांमध्ये अंगण होतं. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"ताई," तो म्हणाला, "पाऊस येईल असं वाटतंय."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"हो का," सुलिएती म्हणाली.

"हो. वाळत घातलेलं कापड आत घ्या." आणि तो वळला, चालत निघून गेला.

"बाई बाई बाई!" पौलीना म्हणाली. "डॉक्टर झाला आणि पोराला आभाळ दिसेनासं झालं." बायका खिदळल्या. पण सुलिएती दारातच उभी राहिली. शहरातून भर उन्हात, काम सोडून, बायकांच्या हॉलपाशी आलेला आपला भाऊ. काय सांगायला आला होता तो? पावसाचं? पिसिला खोटं बोलत नव्हती.

ती हात न धुताच निघाली. बोटांवरचा चिक वाटेत वाळून पांढरा झाला.

लिसिआतेच्या घरी बाहेरच्या खोलीत लग्नाच्या घड्या रचल्या होत्या. पिसिला त्यांच्याजवळ बसली होती. नणंदेला बघून उठली.

"पिसिला, परवा बोलले ते गिळ," सुलिएती म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती. "दोरी आण. आणि एक नगातू दे, मोठं."

दोघींनी मिळून खोलीच्या मधोमध दोरी बांधली आणि कापड लटकवलं, छतापासून जमिनीपर्यंत. सुलिएती एका बाजूला बसली. "आता त्याला बोलव. तिकडच्या बाजूला बसव. आणि तू इथंच थांब, माझ्याजवळ."

तो आला. कापडापलीकडे चटई करकरली. उन्हं मागच्या दारातून येत होती, त्यामुळे कापडावर त्याची सावली पडली होती, नक्षीच्या काळ्या चौकटींमधून वाकलेली, मोठी. समुद्राचा आवाज इथवर येत नव्हता, तरी सुलिएतीला तो ऐकू येत होता.

"बोल," ती म्हणाली.

सावली आणखी खाली वाकली.

"लिसिआते, मी तुझी थोरली बहीण. तुझ्या घरात माझा शब्द तुझ्या शब्दाच्या वर आहे. तुझी पोरगी, तुझी डुकरं, तुझी चटई, मी मागेन ते तू देतोस. आजवर मी काय मागितलं? आज मागते. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ताई, माझ्या तोंडातून नाही निघत गं."

"निघेल. थुंकून टाक."

मग पलीकडून रडण्याचा आवाज आला, मोठ्या माणसाच्या रडण्याचा, नाक ओढत ओढत. पिसिलानं सुलिएतीचा हात धरला. सुलिएतीनं तो धरू दिला.

"गर्भाशयाचं तोंड," लिसिआते म्हणाला.

सुलिएतीनं डोळे मिटले. कानांपासून मानेपर्यंत आग झाली. तो शब्द भावाच्या आवाजात तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. घर कोसळलं नाही. बाहेर एक कोंबडी कुरकुरत राहिली.

आणि एकदा तो शब्द निघाला तसा मागून सगळा लोंढा आला. "खूप देशांतल्या डॉक्टरांनी मिळून बघितलं, ताई. असाच सुरुवातीचा आजार असलेल्या बायका. काहींना भोकांतून केलं, काहींना चिरा देऊन. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सगळ्यांना वाटलेलं दोन्ही सारखंच. भोकं लहान, रक्त कमी, बाई लवकर घरी, म्हणजे झालंच तर बरंच. पण तसं नाही निघालं. भोकंवाल्या बायकांत आजार जास्त जणींना परत आला. जास्त जणी गेल्या."

"का?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही म्हणतात, काढताना गाठ आतल्या आत सांडते. काही म्हणतात, अगदी बारीक गाठीला अजूनही भोकं चालतात. हॅनिगनबाईंनी तुला हे सगळं सांगितलं त्या दिवशी. मी दाराबाहेर ऐकत होतो. त्या म्हणाल्या, माझ्या बहिणीला असतं तर मी चिरा घ्यायला सांगितलं असतं. आणि फोलाऊ काय म्हणाला ते पण ऐकलं."

"आणि तू दाराबाहेर उभा राहिलास?"

"हो."

"गाढवा!"

"हो, ताई."

"आणि आज येऊन पाऊस म्हणालास!"

"मी बायकांच्या उशाशी बसतो, ताई. त्यांना झोपवतो. मागे एक होती, भोकंवाली, हसत घरी गेली होती. ती परत आली तेव्हा पुन्हा मीच झोपवलं तिला. तिनं मला ओळखलं. मला म्हणाली, तुम्ही तर म्हणाला होतात झालं म्हणून." सावली दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. "चिऱ्यानंही परत येऊ शकतो. खात्री देवच देईल. पण तू जर परत आलीस, आणि मला माहीत असून मी बोललो नव्हतो, तर मी काय करू?"

कापडाच्या नक्षीत सुलिएतीचे डोळे फिरत राहिले, एका चौकटीतून दुसरीत. तिला हॉल दिसला, फुलांची कमान, वरची जागा, आणि त्या जागेवर स्वतः, मानासाठी कमरेला गुंडाळतात ती नवी चटई, पुढ्यात वाकलेली हेइलाला. ते इतकं स्पष्ट दिसलं की तिला त्यातल्या तेलाचा वासही आला. मग ते हळूहळू विरत गेलं, तुषार विरतात तसं, आणि ती नुसती बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं. मरणाची भीती वाटली त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, आता ते खरं वाटो न वाटो.

"पिसिला," ती शेवटी म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल. दुभाष्या बाई असू दे म्हणावं. आणि मोठा."

कापडापलीकडे लिसिआतेनं कपाळ जमिनीला टेकवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पथकातल्या भूलतज्ज्ञानं तिच्या तोंडावर मुखवटा धरला. लिसिआते आत येणं शक्यच नव्हतं, तो बाहेर आंब्याखाली बसून होता असं तिला मागाहून कळलं. वरचा दिवा पसरला, पाण्यासारखा झाला. सुलिएती पाण्यात उतरली. खाली सगळं निळं होतं आणि उबदार, आणि लांबवर कुणी तरी साल कुटत होतं, टोक, टोक, पण इतक्या सावकाश की दोन ठोक्यांच्या मधे एक अख्खी दुपार मावावी. देवमाशाची ती मादी आली. तिच्या पाठीवर एक लहान पोरगा बसला होता, ओल्या केसांचा, तिच्या मानेला घट्ट धरून. सुलिएती म्हणाली, धरून बस रे. मग तीच मादी झाली आणि पोरगा तिच्या पाठीवर होता, आणि त्याचं वजन काहीच नव्हतं.

जाग आली तेव्हा पोटात आग होती. वजन परत आलं होतं सगळं.

लग्नाच्या दिवशी ती घरीच अंथरुणावर होती. चर्चची घंटा झाली, बँड वाजला, भाजलेल्या डुकराचा वास वाऱ्याबरोबर येऊन गेला. हेइलाला आदल्या दिवशी येऊन तिच्या पायाशी रडून गेली होती. आता ती तिकडे हॉलमध्ये हसत असणार. सुलिएती भिंतीकडे तोंड करून पडली आणि मनसोक्त रडली. कोण बघणार होतं? शिवण ओढली जायची तेवढी थांबायची, मग परत रडायची.

संध्याकाळी पिसिला आली, लग्नातल्या कपड्यांतच, केसांत कोमेजलेली फुलं. धपकन खाली बसली.

"वन्सं, तुमच्या जागी हापाई बेटांवरच्या तोआकासेला बसवलं."

"तोआकासे? ती? तिचं आणि आपलं नातं तरी काय!"

"शोधून काढलं तिनं. आणि सगळं घेऊन गेली हो! आईची चटई गेली. चारही नगातू गेली. डुक्कर तर अख्खं टेम्पोत घातलं, वर केकचा मजला काढून घेतला. मी तोंड वासून बघत राहिले. तुम्ही असतात तर निदान अर्धं परत दिलं असतं!"

"अर्धं कशाला देईन?"

"दिलं असतंत!" पिसिला ओरडली, आणि तिचा तो चेहरा बघून सुलिएतीला हसू फुटलं. हसता येईना. पोटाला उशी धरून ती "अगं थांब, अगं शिवण जाईल" म्हणत राहिली, आणि पिसिलाही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बराच वेळ दोघी नुसत्या पडून होत्या, एकाच चटईवर. पिसिलानं उगीचच तिच्या कपाळाला तेल लावलं.

काढलेलं सगळं तपासायला परदेशी गेलं होतं, त्याचा निकाल यायचा होता. दिवस सरत नव्हते आणि सरतही होते. सुलिएती व्हरांड्यात टेकून बसायची. देवमासे आता परत दक्षिणेला निघाले होते. कधी तरी क्षितिजाशी फवारा उडायचा आणि ती विचार करायची, हे खरं की मी झोपेत आहे? जीव टांगणीला लागला की असंच होतं, जागं असूनही जाग येत नाही.

एका सकाळी पुरुष शेतावरून परत येत होते. रस्त्यावर त्यांची गर्दी, खांद्यावर रताळ्यांच्या टोपल्या, त्यात फोलाऊ सुट्टीवर आलेला, दोघं तिघं चुलतभाऊ. त्यांच्यामधून लिसिआते आला. कुणाशी न बोलता थेट पायऱ्या चढला आणि व्हरांड्यात तिच्या समोर बसला. मधे कापड नाही, पिसिला नाही. त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या जवळून त्याचे डोळे तिनं तो पोरगा असतानाच बघितले होते. ते आईसारखे होते, हे ती विसरूनच गेली होती.

"ताई, निकाल आला," तो म्हणाला. "गर्भाशयाच्या तोंडाची गाठ पूर्ण निघालीय. कडा स्वच्छ आहेत. आजूबाजूच्या ग्रंथींत काही नाही. तपासायला येत राहायचं, पण आत्ता काही उरलेलं नाही."

रस्त्यावरची पावलं थबकली. फोलाऊच्या हातातली टोपली कलंडली. सुलिएतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लाज होती, आनंद होता, रडू होतं, सगळं एकदमच आलं होतं.

"हळू बोल, मेल्या," बोटांच्या फटीतून ती म्हणाली. "ते ऐकतायत सगळे."

"ऐकू देत," लिसिआते म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते, पण तो उठला नाही. "त्यांनाही बहिणी आहेत."

सुलिएतीनं तोंडावरचे हात खाली घेतले. रस्त्यावर ते सगळे खाली माना घालून उभे होते आणि एकही जण पळाला नव्हता.

"मग जरा मोठ्यानं सांग," ती म्हणाली.